दातांची साक्ष

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आमच्या वस्तीतल्या कितीतरी जणांची तीच आहे. आई शाळेत गेलेली नव्हती. मी ज्वारीच्या काढणीत जन्मलो, एवढेच ती सांगे. गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. हात पोचला. वय सहा, तारीख १ जून. ज्यांच्या जन्माची नोंद घ्यावी असे कुणालाच वाटले नाही, त्यांचे वय असे ठरते.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या वीटभट्टीवरचा एक मुलगा चोरीच्या संशयावरून पकडला गेला. कागदावर वय लिहिले गेले १९. आई म्हणे, "सोळावं सरलंय." जवळ दाखला कसलाच नाही. शेवटी दातांची नि हाडांची तपासणी झाली. माझ्या विद्यार्थ्यांनी विचारले, "सर, दातांवरून वय कळतं का हो?" हे उत्तर आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

दात पाहून वय ठरवण्याची ही पद्धत कामगारांच्या मुलांच्या प्रश्नातूनच पुढे आली. इंग्लंडमध्ये १८३३च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली. पण सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ साली. मग वय ओळखायचे कसे? उंचीवरून? एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने १८३७ मध्येच पुस्तिका लिहून पार्लमेंटपुढे मांडले, की उंचीपेक्षा दात भरवशाचे. ते खरेच आहे. उपासमारीने उंची खुंटते, हाडांची वाढ मागे पडते. दातांची घडण त्या मानाने कमी अडते. आपल्याकडे १८८१च्या कारखाना कायद्याने किमान वय सात ठेवले, १८९१ मध्ये ते नऊ केले. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या पोरांकडे तेव्हा जन्माचे कागद कुठले असणार!

दुधाचे दात वीस. सहाव्या महिन्याच्या आसपास सुरुवात होते, तिसऱ्या वर्षापर्यंत ते पुरे होतात. सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी. पण दात हिरडीबाहेर आला की नाही, एवढेच पाहून भागत नाही. क्ष-किरण चित्रात हाडाच्या आत दाताचा माथा किती घडला, मूळ किती उतरले, मुळाचे टोक मिटले का, हे दिसते. १९७३ साली डेमिर्जियन आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या सात दातांच्या घडणीच्या आठ पायऱ्या ठरवल्या. त्यांचा आधार होता कॅनडातली फ्रेंच वंशाची मुले. तेच कोष्टक इतर देशांतल्या मुलांना लावले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी वय खऱ्यापेक्षा जास्त निघाले. एका समाजाचे माप दुसऱ्याला जसेच्या तसे लावले की अन्याय होतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

खरी अडचण पुढेच आहे. पंधरा-सोळाच्या सुमारास हे सात दात पुरे घडतात. मग उरते अक्कलदाढ, आणि ती सर्वांत लहरी: कुणाची सतराव्या वर्षी येते, कुणाची पंचविशीत, कुणाची येतच नाही. म्हणजे कायद्याची रेघ जिथे, अठरावर, तिथेच दातांची साक्ष कच्ची पडते.

म्हणून २०१५च्या बालन्याय कायद्यात (कलम ९४) शाळेचा दाखला आणि जन्मदाखला आधी आहे. ते नसतील तरच वैद्यकीय तपासणी. क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले. दोन मते शक्य असतील तर सीमेवरच्या प्रकरणात कल मुलाच्या बाजूने असावा, असे त्याच न्यायालयाने २००२ साली सांगितले.

त्या मुलाचा अहवाल आला: वय १७ ते १९. वकिलाने हेच निवाडे पुढे ठेवले, आणि मुलगा तुरुंगाऐवजी बालन्याय मंडळापुढे गेला. हे निवाडे कुणी पुढे ठेवलेच नसते तर?

मित्रहो, जन्माची नोंद एकवीस दिवसांत फुकट होते. वस्तीत पाळणा हलला की आधी ग्रामपंचायत गाठा. माझ्या मुलीची नोंद मी तिसऱ्याच दिवशी केली. आमच्या घरातली ती पहिली खरी तारीख.