गाडीला उचकी लागते तेव्हा

माणसाला उचकी लागली की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘कोण रे आठवण काढतंय तुझी?’’ मग दोन-चार नावं घ्यायची, घोटभर पाणी प्यायचं, की उचकी पळाली! पण उचकी गाडीला लागली तर? गाडी झोकात निघते, वेग घेते आणि गिअर बदलायच्या नेमक्या क्षणी मागून कुणीतरी लाथ घालावी तसा ‘धप्प’ असा हिसका बसतो. मागे बसलेल्यांच्या माना हिंदकळतात. पुढचा गिअर पडला, की पुन्हा धप्प!

ही व्याधी जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची. ऑटोमॅटिक म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपले आपणच बदलणारी गाडी. असे हिसके बसू लागले की मालकाच्या पोटात गोळा येतो. कारण शेजारीपाजारी एका सुरात सांगतात, ‘‘गिअरबॉक्स गेला!’’ गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे तो गाडीखालून उतरवायचा, शेकडो बारीकसारीक भाग सुटे करायचे, धुवायचे आणि पुन्हा जुळवायचे. खर्चाचा आकडा ऐकून काहीजण चांगली धावती गाडी भंगारात काढतात. आणि कधी कधी सगळा दोष असतो बोटभर लांबीच्या एका रबरी नळीचा! म्हणून पेटी उघडण्याआधी थोडी हेरगिरी करायची असते. चला तर मग, आज आपण हेर होऊ या.

तपासासाठी एक खरीखुरी पेटी घेऊ. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने १९६९ सालच्या गाड्यांपासून ‘टर्बो हायड्रामॅटिक ३५०’ नावाचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायला सुरुवात केली. शेव्हर्ले कंपनीच्या नोवा, कमारो अशा कितीतरी गाड्यांत तो होता. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तो जपतात. आपण तो निवडला, कारण त्याच्यात कॉम्प्युटर नाही. तो सगळा विचार तेलाने करतो! विश्वास बसत नाही ना? मग ऐका.

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असेच दोन ‘पंखे’ असतात, फक्त त्यांच्यात हवेऐवजी तेल असतं. त्यामागे दातेरी चाकांचा एक संच. मध्ये सूर्य, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह आणि सगळ्यांना वेढणारं एक कडं. यातलं कोणतं चाक धरून ठेवायचं आणि कोणतं फिरू द्यायचं, यावर पहिला, दुसरा की तिसरा गिअर ते ठरतं. धरण्याचं काम करतात क्लचच्या चकत्या आणि पोलादी पट्टे. त्यांना दाबतं पुन्हा तेलच.

पण गिअर कधी बदलायचा, हे कोण ठरवतं? कल्पना करा, एका दाराला दोन्ही बाजूंनी दोन मुलं रेटताहेत. एका मुलाचं नाव ‘वेग’. गाडी जसजशी जोरात धावते, तसतसा त्याचा रेटा वाढतो. दुसऱ्याचं नाव ‘ओझं’. गाडी चढावर असली, किंवा चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की याचा जोर वाढतो. ‘वेग’ जिंकला, की दार सरकतं आणि वरचा गिअर पडतो. ते दार म्हणजे तेलाच्या वाटेतली एक छोटीशी झडप आणि दोघांचे रेटे म्हणजे तेलाचे दाब. हे ‘ओझं’ नावाचं पोरगं लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरच आपला संशय जाणार आहे.

आता रोग्याची चौकशी. चांगला डॉक्टर आधी सुरी काढत नाही, प्रश्न विचारतो. हिसका कधी बसतो? गाडी गार असताना की तापल्यावर? एकाच गिअरला की सगळ्या? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, हिसका बसतो की गिअर ‘घसरतो’? घसरणं म्हणजे इंजिन जोरात ओरडतं, पण गाडी पुढे सरकत नाही. बऱ्याचदा तेव्हा दाब कमी पडलेला असतो. उलट गिअर धाडकन पडत असेल, तर दाब जास्त झाल्याचा संशय घ्यायचा. दोन तक्रारी जवळपासच्या वाटतात, पण कारणं उलटी! मिस्त्रीला नुसतं ‘‘गिअर नीट पडत नाही,’’ असं सांगितलंत, तर तो बिचारा काय समजणार?

मग तेल बघायचं. (हे काम मोठ्या माणसांचं. इंजिन चालू असतं, पंखा फिरत असतो. तुम्ही लांबून बघायचं आणि वहीत टिपून ठेवायचं.) गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन तापलेलं आणि चालू, गिअर ‘पार्क’मध्ये. मग गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढून पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब टेकवायचा. तेल लाल आणि स्वच्छ असेल तर छान. तपकिरी झालं असेल आणि करपट वास येत असेल, तर चकत्या जळल्याची शंका घ्यायची. गुलाबी दुधासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. पाणी कुठून येणार? हे तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतून जाते आणि ती फुटली की दोघांची भेट होते! फेस असेल, तर तेल जास्त भरलेलं असू शकतं. पट्टीवरची पातळी खाली गेली असेल, तर तेल नक्की कुठेतरी जातंय. कुठे? ते पुढे बघू.

तेल भरपूर आणि स्वच्छ आहे, पण चुकीचं आहे, असंही होतं. फोर्ड कंपनीच्या जुन्या गाड्यांसाठी ‘टाइप एफ’ नावाचं तेल असे. त्यात चकत्या घट्ट आणि चटकन धरतात. जनरल मोटर्सच्या ‘डेक्स्रॉन’ तेलात चकत्या हळुवार पकडाव्यात म्हणून खास द्रव्यं घातलेली असतात. आपल्या पेटीत टाइप एफ ओतलं, की गिअर कडक पडू लागतात.

या हळुवारपणाच्या मागे एक वाईट गोष्टही आहे. पूर्वी त्यासाठी वापरत असत स्पर्म व्हेलचं, म्हणजे एका अजस्र देवमाशाचं तेल! गाडीला हिसका बसू नये म्हणून समुद्रात देवमासे मरत होते. १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि तेल बनवणाऱ्यांना पर्याय शोधणं भाग पडलं. पर्याय सापडलेही. म्हणजे ते आधीही सापडू शकले असते, नाही का?

असो. तेल योग्य आहे, पातळी मात्र घटतेय आणि जमिनीवर एकही थेंब नाही. चढावर सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येतात. गिअर उशिरा पडतात आणि धाडकन पडतात. काय झालं असेल?

आठवा ते ‘ओझं’ नावाचं पोरगं. इंजिनावर किती भार आहे, हे त्याला कोण सांगतं? गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला एक छोटासा पत्र्याचा डबा असतो. त्याचं नाव मॉड्युलेटर. त्याच्या आत एक रबरी पडदा आणि स्प्रिंग. डब्यातून एक नळी इंजिनाकडे जाते. इंजिन हवा आत ओढत असतं. ॲक्सिलरेटरवर पाय हलका असला, की हवेची वाट अरुंद होते आणि ओढ जबरदस्त असते. पाय पूर्ण दाबला, की वाट मोकळी होते आणि ओढ जवळजवळ नाहीशी होते. ही ओढ नळीतून डब्यापर्यंत पोचते आणि पडद्याला मागे खेचते. ओढ जास्त, म्हणजे ओझं कमी. ओढ नाही, म्हणजे ओझं भारी.

आता समजा, नळीचा रबर जुना होऊन तडकला. ओढ डब्यापर्यंत पोचतच नाही. मग गिअरबॉक्सला वाटतं, ‘अरे बापरे, गाडी डोंगर चढतेय!’ तो तेलाचा दाब वाढवतो, गिअर उशिरा टाकतो आणि जोरात टाकतो. प्रत्यक्षात गाडी चाललेली असते सपाट रस्त्यावर, बैलगाडीच्या मागे. याची एक खूण म्हणजे गाडी उभी असतानाही इंजिन थरथरतं आणि नळीपाशी ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो, कारण तडा गेलेल्या जागेतून फुकटची हवा इंजिनात शिरते.

आणि आतला पडदाच फाटला तर? मग इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेलच शोषून घेतं आणि जाळून टाकतं. म्हणून तो पांढरा धूर! म्हणून जमिनीवर थेंब नाही! परीक्षा अगदी सोपी. इंजिन बंद करून मिस्त्री डब्यावरची नळी ओढून काढतो. नळीत लाल तेल दिसलं, की चोर सापडला. डबा एका बोल्टवर बसवलेला असतो. तो बदलायचा, घटलेलं तेल भरायचं, की पेटी न उघडता गाडी बरी. पुढचा थोडा वेळ धूर येत राहतो. घाबरू नका, सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळत असतं.

प्रत्येक वेळी चोर इतक्या सहज सापडेल असं मात्र नाही. गाडी उभी असताना ‘ड्राइव्ह’मध्ये टाकली की धक्का बसत असेल, तर इंजिन नको तितकं जोरात फिरतंय का, इंजिनाखालच्या रबरी गाद्या बसल्या आहेत का, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे सांधे ढिले झालेत का, हे बघावं लागतं. कधी इंजिनच थकलेलं असतं आणि त्याची ओढ मुळातच कमी असते. आणि कधी टिपकागदावर धातूचा चकाकता चुरा दिसतो. मग मात्र पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याकडे हल्ली बिनक्लचच्या पुष्कळ गाड्या दिसतात. त्यांत असा डबा शोधू नका. तिथे कॉम्प्युटर आहे आणि मिस्त्री आधी त्याला यंत्र जोडून त्यात नोंदलेले दोष वाचतो. भारतात २०१४ सालच्या मारुती सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत एएमटी नावाचा प्रकार आला. त्यात आत साधाच क्लच आणि साधेच गिअर असतात, फक्त ते बदलायला माणसाच्या हातापायाऐवजी यंत्र असतं. त्यात गिअर बदलताना हलकासा झोका जाणवतोच, तो बिघाड नव्हे. बाबांना किंवा आईला सांगा, गिअर बदलतोय असं वाटलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल सोडून बघा.