बँक कर्मचाऱ्यांची अभिप्रेरणा आणि ग्राहकसेवा : ग्रामीण शाखेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भिवंडी-वाडा मार्गावरील अंबाडी नाका हे आसपासच्या गावपाड्यांचे बाजारहाटाचे व व्यवहाराचे ठिकाण आहे. येथूनच वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे रस्ता फुटतो. परिसरात एकीकडे भातशेती, तर दुसरीकडे भिवंडीच्या यंत्रमागांवरील व गोदामांतील मजुरी, असे उपजीविकेचे स्वरूप आढळते. अशा नाक्यावरील बँकशाखेत येणारे खातेदार म्हणजे प्रायः पीककर्ज घेणारे शेतकरी, निवृत्तिवेतनधारक, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे लाभार्थी, बचत गटांच्या महिला. ‘सर्व्हर बंद आहे, उद्या या’ हे उत्तर शहरातील ग्राहकाला गैरसोयीचे वाटते. पाड्यावरून आलेल्या मजुराला मात्र त्यापायी एका दिवसाची मजुरी व जाण्यायेण्याचे भाडे गमवावे लागते.

ही सेवा अखेरीस खिडकीमागील व्यक्तीवर अवलंबून असते. ती व्यक्ती आपले काम मनापासून केव्हा करते, आणि ते करण्यास तिला बँकेची रचना कितपत वाव देते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अभिप्रेरणेची संकल्पना

अब्राहम मॅस्लो यांची गरजांची श्रेणी (१९४३) वाणिज्य व व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असल्याने तिची पुनरुक्ती येथे आवश्यक नाही. बँकव्यवसायाच्या दृष्टीने फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा द्विघटक सिद्धांत अधिक उपयुक्त ठरतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातील अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारित हा सिद्धांत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेतन, नोकरीची शाश्वती, पर्यवेक्षण व कामाच्या ठिकाणची परिस्थिती हे घटक अपुरे असल्यास असमाधान निर्माण होते. ते पुरेसे असले तरी केवळ त्यांच्यामुळे कामाची ओढ निर्माण होत नाही. ती ओढ कामातील यश, मान्यता, जबाबदारी आणि प्रगती यांतून येते, असे हर्झबर्ग यांचे प्रतिपादन आहे.

ग्राहकसेवेच्या बाजूने पाहता पारसुरामन, झाइथामल व बेरी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या ‘सर्व्हक्वाल’ या मापनपद्धतीत सेवेच्या गुणवत्तेची पाच अंगे सांगितली आहेत : भौतिक सुविधा, विश्वसनीयता, तत्परता, आश्वासकता व सहानुभाव. यांपैकी इमारत, फर्निचर व यंत्रसामग्री ही केवळ पहिल्या अंगात येतात. शेवटची तीन अंगे तर थेट कर्मचाऱ्याच्या वर्तनातून प्रकट होतात. शाखेच्या नूतनीकरणावर होणारा खर्च व कर्मचाऱ्याच्या मनोबलावर होणारा विचार यांचे प्रमाण मात्र नेमके उलट दिसते.

वेतन आणि प्रेरणा

सार्वजनिक बँकांमध्ये वेतन हे शाखाधिकाऱ्याच्या किंवा एखाद्या बँकेच्याही हाती नाही. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून इंडियन बँक्स असोसिएशन व कर्मचारी संघटना यांच्यातील वाटाघाटींतून ते उद्योगस्तरावर ठरत आले आहे. मार्च २०२४ मध्ये झालेला करार हा या मालिकेतील बारावा होय. परिणामी, तत्पर लिपिक आणि टाळाटाळ करणारा लिपिक यांच्या वेतनात फरक पडत नाही. या व्यवस्थेने मनमानीपासून दिलेले संरक्षण मोठे आहे व ते कमी लेखता येणार नाही. परंतु हर्झबर्ग यांच्या परिभाषेत तिने असमाधान आवरले. प्रेरणेची बाजू मोकळीच राहिली.

नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या करारात कामगिरीशी निगडित प्रोत्साहन रकमेची तरतूद झाली. बँकेच्या कार्यकारी नफ्यात वर्षभरात ५ ते १० टक्के वाढ झाल्यास ५ दिवसांचे, १० ते १५ टक्के वाढीस १० दिवसांचे व त्याहून अधिक वाढीस १५ दिवसांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, असे तिचे स्वरूप आहे. ही रक्कम सामूहिक आहे आणि तिचा मापदंड नफा आहे. नाक्यावरील शाखेतील लिपिकाने एखाद्या निरक्षर खातेदाराची अडचण सोडविली काय, याचा या गणितात कोठेही शिरकाव होत नाही. २०२४ मध्ये वरिष्ठ श्रेणीतील अधिकाऱ्यांसाठी वेगळी प्रोत्साहन योजना पुढे आली, तेव्हा ती कर्मचाऱ्यांत भेद पाडणारी असल्याचा आक्षेप संघटनांनी घेतला. हा वाद स्वाभाविक असला, तरी ग्राहक दोन्ही पक्षांच्या मांडणीत दुय्यमच राहिला.

समित्यांचा मार्ग

ग्राहकसेवेच्या प्रश्नावर शासन व रिझर्व्ह बँक यांनी वेळोवेळी समित्या नेमल्या. १९७५ मध्ये नेमलेला तलवार कार्यगट, १९९० मधील गोईपोरिया समिती, तारापोर समिती व २०१० मधील दामोदरन समिती या त्यांतील प्रमुख होत. गोईपोरिया समितीने कर्मचाऱ्यांच्या कामाची वेळ ग्राहकांच्या वेळेपूर्वी १५ मिनिटे सुरू व्हावी, अशी शिफारस केली होती. ती अत्यंत व्यवहार्य होती. मात्र ती शिफारस करावी लागली, यातच पुष्कळ काही आले. १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल योजना आली व १२ नोव्हेंबर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना लागू झाली. या सर्व उपायांचा भर नियम, मुदत व तक्रारनिवारण यांवर आहे. नियमाने कर्मचाऱ्याला खिडकीवर वेळेवर आणता येते. समोरच्याचे म्हणणे ऐकून घेण्याची इच्छा नियमाने निर्माण होत नाही.

या पार्श्वभूमीवर मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय स्टेट बँकेचा २००७ मधील ‘परिवर्तन’ हा उपक्रम वेगळा ठरतो. ओ. पी. भट हे अध्यक्ष असताना, खासगी बँकांच्या स्पर्धेत बँकेचा बाजारातील हिस्सा घटत असल्याची वस्तुस्थिती शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांसमोर दोन दिवसांच्या कार्यशाळांतून मांडण्यात आली. काही महिन्यांत लाखाहून अधिक कर्मचारी त्यांत सहभागी झाले. त्यांना कोणतीही वेतनवाढ देऊ केलेली नव्हती. संस्थेची स्थिती आपल्याला विश्वासाने सांगितली गेली, ही भावनाच येथे प्रेरक ठरली. मात्र कार्यशाळेतील उत्साह शाखेत परतल्यावर किती काळ टिकतो, हे शाखेतील दैनंदिन परिस्थिती ठरविते.

शाखेतील वास्तव

ही परिस्थिती गेल्या अडीच दशकांत पालटली आहे. २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेद्वारे सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्यांच्याबरोबर गावोगावच्या खातेदारांची ओळखही गेली. अधिकारीपदाची बढती स्वीकारली की दूरची बदली ओघाने येते. म्हणून अनेक अनुभवी लिपिक बढतीच नाकारतात. हर्झबर्ग ज्या ‘प्रगती’ला प्रेरक म्हणतात, ती येथे कुटुंबावरील संकट म्हणून पाहिली जाते. उलटपक्षी, परप्रांतातून आलेल्या तरुण अधिकाऱ्याला मराठीच समजत नाही, तेथे आगरी वा वारली बोलणाऱ्या खातेदाराची गोष्ट दूरच. दोन-तीन वर्षांत तो ती भाषा कानावर घेऊ लागतो, तोच त्याची बदली होते.

शिवाय विमा व म्युच्युअल फंड विक्रीचे ‘टार्गेट’ आहे. त्यास प्रेरणेचे साधन म्हटले जाते. प्रत्यक्षात तो दबाव असतो व तो खातेदारावर उतरतो. कर्ज मंजूर करताना गळ्यात पडलेली विमा पॉलिसी ही त्याचीच खूण होय. अशा वेळी ग्राहकाच्या हिताचा सल्ला देणारा कर्मचारी स्वतःच्या मूल्यमापनात मागे पडतो.

जानेवारी २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवसाय प्रतिनिधींना परवानगी दिली व २०१४ च्या जन-धन योजनेनंतर ‘बँक मित्र’ हाच अनेक पाड्यांवर बँकेचा चेहरा बनला. त्याचे उत्पन्न मुख्यतः व्यवहारागणिक मिळणाऱ्या कमिशनवर अवलंबून असते. अंगठ्याचा ठसा जुळला नाही, तर व्यवहार होत नाही आणि कमिशनही मिळत नाही. म्हाताऱ्या खातेदाराला चार वेळा समजावून सांगण्याचा वेळ त्याच्या पदरचा जातो. कर्मचारी अभिप्रेरणेचे प्रचलित सिद्धांत कर्मचाऱ्यास गृहीत धरतात. बँक मित्र तर बँकेचा कर्मचारीच नाही.

त्यामुळे सोपे व्यवहार बाहेर जातात व अवघड प्रकरणे शाखेत परततात : आधारवरील नावातील चूक, निष्क्रिय झालेले खाते, मृत खातेदाराच्या वारसाचा दावा. मृत खातेदाराचा दावा आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. परंतु ही मुदत कागदपत्रे पूर्ण झाल्यानंतर मोजली जाते. नामनिर्देशन नसलेल्या खात्यासाठी आलेल्या विधवेला सर्व अपुरे कागद एकाच भेटीत, तिला समजेल अशा भाषेत सांगायचे की दर खेपेस एकेक कागद मागायचा, हे खिडकीवरील लिपिक ठरवितो. त्या एका भेटीची नोंद मूल्यमापनाच्या कोणत्याही रकान्यात होत नाही.