विश्लेषण : चुना मारणारा रंगारी ते बॉलीवूडचा भित्तिचित्रकार… रणजित दहिया यांच्या भिंती पिंपरी-चिंचवडला काय सांगतात?

फ्लेक्स छपाई आली आणि सिनेमाचे बॅनर हाताने रंगवणाऱ्या पेंटरांचे काम काही वर्षांतच संपले. तीच शैली घेऊन एक चित्रकार २०१२ मध्ये मुंबईच्या भिंतींकडे वळला. त्याच्याकडे विकण्यासाठी तिकीट नव्हते आणि चित्रपटही नवा नव्हता. रणजित दहिया यांच्या या प्रवासातून उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि कारखान्यांच्या कुंपणभिंतींच्या शहराला काय घेता येईल?

रणजित दहिया कोण आहेत?

दहिया मूळचे हरियाणातील सोनिपत जिल्ह्यातले. त्यांची सुरुवात घरांना चुना मारण्याच्या कामापासून झाली. शाळेच्या भिंतीवर सरस्वतीचे चित्र काढण्याचे काम मिळाले आणि रंगाऱ्याचा चित्रकार होण्याचा मार्ग खुला झाला. पुढे त्यांनी चंडीगडच्या कला महाविद्यालयात आणि नंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिक्षण घेतले. डिझायनर म्हणून मुंबईत आल्यावर त्यांनी ‘बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. भारतीय चित्रपटसृष्टी शंभरीच्या उंबरठ्यावर असताना, हिंदी सिनेमाची राजधानी म्हणवणाऱ्या शहराच्या भिंतींवर सिनेमा दिसावा, हा त्यामागचा विचार होता.

कोणती चित्रे गाजली?

सुरुवात बांद्र्याच्या चॅपल रोडवर ‘अनारकली’च्या चित्राने झाली. त्यानंतर राजेश खन्ना आणि ‘दीवार’मधील अमिताभ बच्चन भिंतीवर आले. २०१८ मध्ये श्रीदेवी आणि २०२० मध्ये इरफान खान यांच्या निधनानंतर दहिया यांनी त्यांचीही चित्रे रंगवली. जुन्या ख्रिस्ती वस्तीच्या अरुंद गल्ल्यांमध्ये, लोक रोज ये-जा करतात अशा ठिकाणी ही चित्रे आहेत. लोक त्यांच्यासमोर थांबतात, फोटो काढतात.

यातील सर्वांत मोठे काम मात्र गल्लीतले नाही. बांद्रा रेक्लमेशन येथील एमटीएनएलच्या उंच इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र साकारले. ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेच्या कला महोत्सवातील या कामात दहिया यांच्यासोबत इतर चित्रकारही होते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करणाऱ्या फाळक्यांचा चेहरा त्यामुळे दूरवरूनही दिसू लागला.

याला पॉप का म्हणायचे?

१९५०-६०च्या दशकांत ब्रिटन आणि अमेरिकेतील काही चित्रकारांनी जाहिराती, कॉमिक्स, सिनेतारे आणि दुकानातील डबे हेच चित्राचे विषय केले. अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये सूपचे डबे आणि मेरिलिन मन्रो रंगवली. जेम्स रोझेनक्विस्ट तर त्याआधी न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींचे मोठे फलक रंगवत असत. रोजच्या नजरेतली, बाजारातली प्रतिमा उचलायची आणि ती मोठी करून पुन्हा पाहायला लावायची, ही पॉप कलेची रीत.

आपल्याकडे अशा प्रतिमांची सर्वांत मोठी खाण म्हणजे सिनेमा. पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले. त्याआधी कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्री यांनी नाटकांचे पडदे रंगवले, चित्रपट काढले आणि त्यांची पोस्टरेही स्वतः केली. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो बाबूराव पेंटर म्हणून. दहिया यांचे ठळक रंग, मोठे चेहरे आणि पोस्टरसारखी मांडणी ही याच परंपरेतली आहे.

बॅनर पेंटर आणि भित्तिचित्रकार यांच्यात फरक काय?

हातात फारसा फरक नाही. लहान चित्रावर चौकोन आखायचे, तेच चौकोन भिंतीवर मोठे करून पाडायचे आणि एकेक घर भरत जायचे, ही जुनी पद्धत आजही चालते. परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला समोर फक्त नाकाचा किंवा डोळ्याचा तुकडा दिसतो. पूर्ण चेहरा कसा दिसतो आहे, ते खाली उतरून, रस्ता ओलांडून पाहावे लागते.

फरक आहे तो कामाच्या हेतूत. बॅनर चित्रपट चालेपर्यंत टिकायचा, नंतर त्यावर दुसरा रंग चढायचा. ते काम जाहिरातीचे होते आणि त्यावर पेंटरचे नाव क्वचितच दिसे. दहिया यांनी तेच कसब जाहिरातीतून सोडवले. त्यामुळे तीच रेषा आता कला म्हणून पाहिली जाते आणि करणाऱ्याचे नावही माहीत असते.

भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

खासगी भिंतीवर चित्र काढायचे तर मालकाची परवानगी हवी, सरकारी भिंतीवर संबंधित यंत्रणेची. सार्वजनिक ठिकाणच्या मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९९५ पासून स्वतंत्र कायदा आहे.

परवानगी मिळाली तरी भिंत मालकाचीच राहते. इमारत पुनर्विकासाला गेली की चित्रही जाते. मात्र चित्रकाराचे सगळेच हक्क संपत नाहीत. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले होते. त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कलाकाराचा नैतिक हक्क मान्य केला. शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला. मुंबईतील एका भित्तिचित्राचा विमा कंपनीने जाहिरातीत वापर केल्याचा वादही २०२३ मध्ये त्याच न्यायालयात गेला होता. चित्र रस्त्यावर आहे म्हणून ते कोणीही धंद्यासाठी वापरावे, असे गृहीत धरता येत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा संबंध कुठे येतो?

या पट्ट्याने फ्लेक्सची दुसरी बाजूही पाहिली आहे. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे वादळी पावसात होर्डिंग कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. दोष कापडाचा नव्हे, तर सांगाड्याचा आणि त्याच्या देखरेखीचा होता. पण हाताने रंगवलेल्या भिंती मागे पडून शहरभर लोखंडी सांगाडे का उभे राहिले, हा प्रश्न त्यातून उरतोच.

रंगवण्याजोगी जागा इथे कमी नाही. जुन्या पुणे-मुंबई महामार्गाचे ग्रेड सेपरेटर, मार्च २०२२ पासून धावणाऱ्या मेट्रोचे खांब, एमआयडीसीतील लांबच लांब कुंपणभिंती आहेत. ट्रकच्या फाळक्यावर नक्षी काढणारे, दुकानांच्या पाट्या लिहिणारे हातही या पट्ट्यात आहेत. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने भिंती रंगतात, पण अनेकदा त्यावर घोषणा आणि ठरावीक चित्रेच दिसतात. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर चढतो.

मग काय करता येईल?

दहिया यांच्या कामातून तीन गोष्टी घेता येतात. पहिली, विषय जागेचा असावा. बांद्र्यात सिनेमा शोभतो, कारण ती सिनेमावाल्यांची वस्ती. इथल्या भिंतीवर शिफ्ट सुटल्यावर सायकलींची रांग, स्कूटरची असेंब्ली लाइन किंवा देहू-आळंदीची वाट का येऊ नये? दुसरी, चित्राखाली करणाऱ्याचे नाव असावे आणि मोबदला चौरस फुटाच्या रंगकामाच्या दराने नव्हे, चित्राचा म्हणून ठरावा. तिसरी, देखभालीची तरतूद कामाच्या आदेशातच असावी. बाहेरच्या भिंतीवरचा रंग ऊन-पावसात विटतोच. तो पुन्हा कोण भरणार, हे आधी ठरले नाही तर पुढच्या निविदेत भिंत पांढरी होते.

रंग स्वस्त आहे आणि भिंती भरपूर आहेत. या पट्ट्यातले पाट्या रंगवणारे पेंटर आज वयस्क झाले आहेत. त्यांच्या हाताशी एखादा शिकाऊ मुलगा उभा करायचा असेल, तर ते आताच करावे लागेल.