बाटली उलटी करून वाचा
सिरमच्या बाटलीवर ‘हायलुरॉनिक ॲसिड’ ठळक अक्षरांत छापलेलं असतं. खरी गंमत मागच्या बारीक यादीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात: बहुधा आधी पाणी, मग बऱ्याचदा आपलं जुनं ग्लिसरीन. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र कंपनी हवे तसे पुढेमागे लिहू शकते.

म्हणून यादीत फिनॉक्सिइथेनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त १ टक्का घालता येतं. त्याच्या खाली जे दिसेल, ते चिमूटभरच. रेटिनॉल असेल तर चिमूटही पुरते. केशर किंवा मोती असेल, तर हसा आणि पुढे चला.

आता काम. ग्लिसरीन आणि हायलुरॉनिक, दोन्ही पाणी धरून ठेवतात. ग्लिसरीनचा रेणू इवलासा, त्वचेच्या वरच्या थरात मुरतो. हायलुरॉनिकचा नेहमीचा रेणू अवाढव्य, तो वरच बसतो. चेहरा लगेच तुकतुकीत दिसतो खरा, पण किमतीतला फरक मला तरी पटत नाही.

धरलेलं पाणी उडू न देण्यात मात्र पेट्रोलियम जेली उस्ताद! चेसब्रो नावाच्या गृहस्थाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही वस्तू अजून हटलेली नाही. मुंबईच्या घामात नकोच. नागपूरच्या थंडीत रात्री क्रीमवर तिचा पातळ थर लावा. ती रंध्रं बुजवते अशी तिची उगाच बदनामी आहे. मुरुमं येणाऱ्यांनी जपायचं ते चेहऱ्यावरच्या खोबरेलापासून.