गवताची साक्ष

सकाळचे साडेसहा. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ मैदानावर गवत दवानं ओलं आहे. सरावाला आलेले बहुतेक जण हिरव्या मॅटवर उभे आहेत, पण एक प्रशिक्षक आपल्या विद्यार्थिनीला मुद्दाम गवतावर घेऊन येतात. "मॅटवर क्लब बॉलच्या आधी खाली टेकला तरी घसरत पुढे जातो आणि शॉट बरा बसल्यासारखा वाटतो," ते म्हणतात. "गवतावर काहीच लपत नाही."

मुलगी नववीतली. शाळेच्या संघातून क्रिकेट खेळलेली, हात चपळ, नजर पक्की. सात नंबरचं आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब, घेऊन ती उभी राहते, तोच सर हात पुढे करतात. "ग्लोव्ह दाखव." ती डाव्या हाताचा पांढरा ग्लोव्ह काढून देते. मनगटाजवळ, तळव्याच्या मांसल उंचवट्यावर कातडं झिजून भोक पडलंय. बोटांकडची बाजू मात्र कोरी करकरीत.

"दांडा तळव्यात धरतेस, म्हणून तो आत घासतो. बोटांत धर." करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत ते दांडा तिरका टेकवतात आणि मग मूठ मिटायला लावतात. "वरून बघ. डाव्या हाताची दोन पेरं दिसली पाहिजेत." उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवायची पद्धत सर्रास शिकवली जाते. ब्रिटिश ओपन ६ वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनच्या नावानं ती ओळखली जाते. पण हिचे हात लहान आहेत. सर तिची करंगळी डाव्या तर्जनीत अडकवतात. जॅक निकलस आणि टायगर वूड्स असंच धरत आले.

पहिला स्विंग. क्लब वर जातो आणि खाली येताना उजवा खांदा सगळ्यांच्या आधी पुढे धावतो. चेंडू डावीकडे निघतो आणि हवेत वळत पार उजवीकडे जातो. मुलगी चेंडूकडे बघत राहते. सर मात्र खाली वाकलेत. तिच्या पायांपुढे मातीचा एक ओरखडा उमटलाय, गवताचा तुकडा उडून पलीकडे पडलाय. त्या ओरखड्यावर सर एक क्लब आडवा ठेवतात. क्लबचं टोक झेंड्याच्या बरंच डावीकडे रोखलेलं. "क्लब बाहेरून आत आला, आणि त्या वाटेच्या मानानं फेस, म्हणजे बॉलला लागणारी क्लबची सपाट बाजू, उघडा राहिला. म्हणून बॉल वळला."

यात क्रिकेटचा हात दिसतो. अंगावर येणाऱ्या चेंडूला हातांनी झटकन उत्तर द्यावं लागतं. इथे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसलेला चेंडू निमूट पडून असतो, आणि क्लब त्याला टेकतो तो सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात हातानं काही सावरता येत नाही. जे घडायचं ते आधीच्या क्रमानं ठरून गेलेलं असतं.

सर तो क्रमच शिकवतात. चेंडूच्या किंचित मागे, पलीकडच्या बाजूला, ते क्लबचं कापडी टोपरं ठेवतात. "याला लागता कामा नये." पहिल्याच प्रयत्नात टोपरं उडतं. दुसऱ्यांदाही. "आता वर जाऊन थांब. हात विसर. आधी डावा पाय दाब." ती थांबते. डावी टाच ओल्या मातीत रुतते, गुडघा सरळ होऊ लागतो, कंबर झेंड्याकडे वळते. हात अजून वरच. मग खांदे, मग हात, आणि मनगटं सगळ्यात शेवटी सुटतात. क्लब खाली आणायची सुरुवात कंबरेनं करावी, हे गोल्फपटू बेन होगननं १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात आग्रहानं मांडलं. इथे ते पावलापासून वर चढताना दिसतंय. आवाजही बदलतो: आधीच्या खरखरीऐवजी एकच टणक ठोका. टोपरं जागेवर आहे. ओरखडा चेंडूच्या जागेपुढे सुरू झालाय. आयर्ननं आधी चेंडू आणि मग जमीन घ्यायची असते. चेंडूला उचलायची गरज नसते, ते काम क्लबचा कललेला फेस करतो.

या सरांनी लहानपणी लोकांच्या बॅगा वाहिल्या आणि बघून बघून खेळ उचलला. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय, १९९१ सालचा विजेता अली शेरसुद्धा असाच बॅगा वाहणारा कॅडी होता. दिवसभर दुसऱ्यांचे फटके बघणाऱ्याची नजर कशी तयार होते, ते मला इथे कळतंय. ही नजर मुलीला मिळणं हेच खरं शिक्षण, असं मला मनापासून वाटतं.

आणखी काही चेंडूंनंतर एक उजवीकडे निघतो आणि आणखी उजवीकडे वळतो. सर बोलायच्या आत मुलगी खाली वाकते, ओरखड्यावर स्वतःच क्लब ठेवते. "सर, हा सरळ आहे. म्हणजे वाट बरोबर होती, फेस उघडा राहिला." मग ती मुठीकडे बघते. एकच पेर दिसतंय. डावा हात किंचित उजवीकडे फिरवून ती दोन पेरं आणते.

"बरोबर," सर म्हणतात. "उद्यापासून आधी तू सांगायचं, मग मी."