घाटात वाफ, पठारावर ऊन: गाडीतील हवेची बटणे नेमकी कशी वापरावीत?

गोव्यातून गाणगापूरला दत्तदर्शनासाठी आणि तेथून पुढे हुमनाबादजवळील माणिकनगरला जाणारी कुटुंबे अनेकदा स्वतःच्याच गाडीने निघतात. काहींचे नातेवाईक त्याच परिसरातील निर्णासारख्या गावांत आहेत, त्यामुळे प्रवास बिदर जिल्ह्यापर्यंत लांबतो. या एकाच वाटेवर गाडीला तीन प्रकारच्या हवेतून जावे लागते. किनाऱ्यावर दमट हवा, चोर्ला घाटात पाऊस आणि धुके, तर कलबुर्गी-बिदरच्या पठारावर उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणारा कोरडा उष्मा. हिवाळ्यात त्याच पठारावर पहाटे हीटर लावावासा वाटतो. असे असूनही बहुतेक चालक एसीची बटणे एकदा लावतात ती परत येईपर्यंत तशीच ठेवतात.

गाडीतला एसी हवा थंड करतो, तसाच ती कोरडीही करतो. आतल्या थंड जाळीवरून हवा जाताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकते. हे ठिबकणे बिघाडाचे लक्षण नव्हे. हीटरची व्यवस्था वेगळी असते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणारे पाणी तापते आणि त्याच पाण्याची उष्णता हीटर आत आणतो. म्हणून इंजिन तापल्याशिवाय हीटर गरम हवा देत नाही. या दोन्ही यंत्रणा एकाच वेळी चालवता येतात. पावसाळ्यात घाटातून जाताना नेमके हेच करावे लागते.

घाटात बाहेरचा पाऊस समोरची काच थंड करतो. आत चार-पाच माणसांचा श्वास, ओल्या छत्र्या आणि भिजलेली पायपुसणी यांमुळे बाष्प वाढते. ते थंड काचेवर बसते आणि काही क्षणांत समोरचे वळण दिसेनासे होते. अशा वेळी ‘आधीच गारठा, त्यात एसी कशाला’ म्हणून एसी बंद केला जातो आणि फडक्याने काच पुसणे सुरू होते. त्याने वाफ पुन्हा धरतेच, शिवाय चालकाचा एक हात स्टिअरिंगवरून सुटतो. योग्य क्रम असा: एसी सुरू ठेवावा, तापमानाचे बटण लाल बाजूकडे न्यावे, हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा, पंख्याचा वेग वाढवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. एसी हवेतील ओल काढतो, हीटर काच उबदार करतो आणि वाफ लवकर विरते.

यातील बाहेरच्या हवेचे बटण सर्वाधिक दुर्लक्षित आहे. गाडीच्या चित्रात आतल्या आत वळलेला बाण असतो, ते हे बटण. ते सुरू असेल तर आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. गारवा लवकर मिळतो, धूळ आणि ट्रकचा धूर आत येत नाही. परंतु श्वासातील बाष्प व कार्बन डायऑक्साइड आतच साठत राहतात. लांबच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास असे चालल्यास जडपणा आणि पेंग येऊ शकते. म्हणून धुळीचा पट्टा ओलांडला की बाहेरची हवा आत येऊ द्यावी.

किनाऱ्यावरच्या दमट रात्री याच्या उलट प्रकार घडतो. एसीने काच फार गार होते आणि वाफ बाहेरच्या बाजूने धरते. वायपर फिरवून काच स्वच्छ झाली तर वाफ बाहेर आहे असे समजावे. तेव्हा काचेकडील झोत बंद करून तापमान थोडे वाढवावे.

पठारावर उन्हात उभ्या गाडीत शिरताच एसी पूर्ण वेगाने लावून काचा बंद करू नयेत. आतली हवा त्या वेळी बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापलेली असते. काचा उघड्या ठेवून मिनिटभर गाडी चालवावी, गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा बंद करून आतली हवा फिरवावी. चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा. प्रवाशांना त्रास होईल, पण इंजिनाची थोडी उष्णता निघून जाते. तेवढ्यात सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

दोन बाबतींत तडजोड नकोच. यात्रेच्या गर्दीत खोली मिळाली नाही की काही जण इंजिन आणि एसी सुरू ठेवून गाडीतच झोपतात. थंडीत बंद शेडमध्ये गाडी सुरू करून हीटर तापण्याची वाट पाहिली जाते. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सायलेन्सरच्या नळीला कुठे छिद्र असेल वा जागा कोंदट असेल, तर झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो जीव घेऊ शकतो. आतली हवा फिरवण्याचे बटण यापासून वाचवत नाही. दुसरे, ‘दर्शन घेऊन लगेच येतो’ म्हणून मुलांना किंवा वृद्धांना बंद गाडीत ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतले तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा ते वीस अंशांनी वाढू शकते. काच बोटभर उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

विजेवरील गाडीत एसी आणि हीटर दोन्ही बॅटरीवर चालतात, त्यामुळे चार्जिंगला लावलेली असतानाच गाडी थंड किंवा उबदार करून घेतल्यास पल्ला वाचतो.

निघण्यापूर्वी डॅशबोर्डमागील हवेचा फिल्टर काढून पाहावा. तो धुळीने भरला असेल तर पंखा कितीही वाढवला तरी झोत कमीच येतो. समोरची काच आतून स्वच्छ पुसून घ्यावी, कारण मळक्या काचेवर वाफ लवकर धरते. आणि वाफ काढण्याचा वर दिलेला क्रम घराच्या अंगणातच एकदा करून पाहावा, म्हणजे चोर्ल्याच्या वळणावर बटणे शोधत बसावे लागणार नाही.