सूर्य परत येतो तेव्हा

20 मार्च 2015. शुक्रवारची सकाळ, आणि जर्मनीच्या बऱ्याच भागात आकाश निरभ्र. त्या दिवशी सूर्यग्रहण होते. ते पाहणाऱ्यांची चैन झाली, पण वीजवहन कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत याच स्वच्छ उन्हाची धास्ती होती. आकाश ढगाळ असते तर गमावण्यासारखी सौरवीजच थोडी असती!

ढग एका गावावरून दुसऱ्या गावावर सरकतात, त्यामुळे देशभराच्या सौरविजेत अचानक खड्डा पडत नाही. चंद्राच्या सावलीने मात्र लाखो छपरांवरचे पॅनेल एकदमच मंदावतात. जर्मनीची सौर उत्पादनक्षमता तेव्हा 38 गिगावॅटच्या आसपास होती. साडेनऊनंतर उत्पादन घसरू लागले आणि पावणेअकराच्या सुमारास तळाला गेले.

खरी कसोटी त्यापुढे होती. ग्रहण सुटत असताना सूर्यही माथ्याकडे चढत होता. त्यामुळे जेवढी वीज गेली होती, त्याहून कितीतरी जास्त वीज तासाभरात ग्रिडवर परतली.

ग्रिडमध्ये मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळावे लागतात. पुरवठा वाढला की वारंवारिता 50 हर्ट्‌झच्या वर सरकते, घटला की खाली येते. हा तोल राखायला उदंचन जलविद्युत केंद्रे आणि गॅसवरचे संच सज्ज ठेवले होते. इटलीने तर मोठे सौरप्रकल्प काही तास आधीच बंद करून ठेवले.

दिवे कुठेच गेले नाहीत. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत आधी कळते. त्यामुळे या तयारीला कित्येक महिने मिळाले होते.